वापरायोग्य

"आमच्यात कुनालाच वाचता येत न्हाई, पेंटर. मग एवढी मोठी अक्षरं कुनासाठी काढताय?"

मी उकिडवा बसून विहिरीच्या कठड्यावर लाल रंगात 'अ' भरत होतो. मागे वळून पाहिलं. पन्नाशीची एक बाई रिकामी घागर कडेवर घेऊन उभी होती. कपाळावर हिरवं गोंदण, पदर कमरेला खोचलेला. तिच्यामागे तिची सून होती, सातवा महिना सरलेली, एक हात पोटाखाली धरून.

"सरकारचा हुकूम आहे, मावशी. वाचता येईल त्यानं वाचायचं आणि बाकीच्यांना सांगायचं."

"मग तुमीच सांगा. तुमी काढताय म्हंजी वाचता यीत असंल."

"पिण्यास अयोग्य."

"म्हंजी?"

"म्हणजे हे पाणी प्यायचं नाही."

घागर कठड्यावर टेकवून तिनं आत डोकावून पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. "ऐकलंस का, सोजर? आपली हीर गेली."

ब्याऐंशी साल होतं, नवरात्र नुकतंच झालं होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. तालुक्याच्या गावात बसस्टँडसमोर माझं पाटीचं दुकान होतं. 'सिकंदर पेंटर' एवढंच नाव, आडनाव मुलाणी कुणी विचारत नसे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, निवडणुकीतल्या भिंती, सगळं रंगवायचो. त्या वर्षी पाणी तपासणीचं सरकारी काम निघालं. तालुक्यातल्या एकशे बारा विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून जिल्ह्याला गेलं, तिकडून निकाल आले, आणि प्रत्येक विहिरीवर तो निकाल रंगवायचं काम माझ्याकडे आलं.

शब्द दोनच होते. हिरव्यात 'पिण्यायोग्य', लाल रंगात 'पिण्यास अयोग्य'.

खरं सांगतो, मला ते काम फार आवडलं होतं. तोवर आमच्याकडे विहिरींची नावं माणसांवरून पडलेली. पाटलाची, गुरवाची, चांभारांची, खालच्या वस्तीची. कुणी कुठं पाणी भरायचं ते त्या नावातच ठरलेलं. आता पहिल्यांदाच कुणीतरी विहिरीला तिच्या पाण्यावरून नाव देत होतं. एका गावात तर पाटलाच्या विहिरीवर मी लाल लिहिलं आणि चांभारांच्या विहिरीवर हिरवं. सगळं गाव बघायला जमलं होतं. मी सायकलवरून घरी येईपर्यंत हसत होतो.

सावरखोऱ्याच्या खालच्या वस्तीची विहीर ही लाल निघालेल्या अठरांपैकी एक. वर माळावर दोन वर्षांपूर्वी कपड्यांचे रंग बनवायचा कारखाना सुरू झाला होता. त्याचा ओढा या विहिरीपासून तीस पावलांवरून वाहायचा. कधी लालसर, कधी जांभळा.

"मग पानी कुठनं आनायचं?" त्या बाईनं, शेवंताबाईनं, मला विचारलं.

"साहेब म्हणाले, लाल विहिरीला टँकर येणार. आठवड्याच्या आत."

"आला तर बरंच हाय," ती म्हणाली. आणि घागर तशीच रिकामी उचलून वरच्या गावाच्या वाटेला लागली. सून मागून. चढण बरीच होती. सोजर दर पंधरावीस पावलांना थांबत होती.

टँकर काही आला नाही.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. हुद्दार साहेबांनी मला सकाळीच कचेरीच्या कँटीनमध्ये बोलावलं. तपासणीचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. नागपूरकडचे, अंगानं बारीक, कायम पोट धरून बसणारे. माणूस वाईट नव्हता. मला कधी उभं ठेवून बोलला नाही. त्या दिवशीही समोरची खुर्ची ओढली, चहा सांगितला, माझ्यापुढे खारी सरकवली.

"सिकंदर, अठरा विहिरी लाल निघाल्या."

"हो साहेब. सगळ्या झाल्या रंगवून."

"तेच तर. लाल लिहिलं की टँकर द्यावाच लागतो. तसा नियम आहे. जिल्ह्याकडे टँकर तीन. त्यातला एक बंद पडलेला. वरून रोज विचारणा होते, लाल विहीर आहे तर टँकर का नाही?"

"मग?"

"हिरवं लिहिता येत नाही. तपासणीचा निकाल आहे. म्हणून वरून नवीन वर्ग काढून दिलाय. मधला." त्यांनी घडी केलेला कागद उलगडून माझ्यापुढे ठेवला. टाइप केलेलं होतं: 'पेयेतर उपयोगास योग्य'. "पिवळा रंग. अठरांपैकी अकरा विहिरी यात टाकायच्या. सावरखोरेपण यातच."

मी तो शब्द दोनदा वाचला. "पेयेतर म्हणजे?"

"पिण्याव्यतिरिक्त. भांडी, कपडे, गुरं."

"साहेब, हे मावणार नाही."

"कुठं मावणार नाही?"

"कठड्यावर. चुन्याचा पट्टा चार हात लांब. माझं अक्षर वीतभर. एवढं लांब लिहायचं तर अक्षर बोटाएवढं होईल, चार पावलांवरून दिसणार नाही."

हुद्दार साहेबांनी चहाचा घोट घेतला. "मग आखूड कर ना. तू शब्दांचा माणूस आहेस."

मला ते ऐकून बरं वाटलं. पाट्या रंगवणाऱ्याला शब्दांचा माणूस कोण म्हणतं? मी कागद माझ्याकडे ओढला. 'पेयेतर' काढलं. 'उपयोगास योग्य'चं 'वापरायोग्य' केलं. पाच अक्षरं. हाताच्या बोटानं टेबलावर मांडून पाहिली, पट्ट्यात नीट बसत होती.

"वापरायोग्य," मी म्हणालो.

"वापरायोग्य." त्यांनी तोंडात घोळवून पाहिला. "छान आहे. सोपा आहे."

"पण साहेब, नुसतं वापरायोग्य म्हटलं तर लोक पितील."

ते म्हणाले, "फाईलमध्ये पूर्ण शब्द आहे, सिकंदर. भिंतीवर आखूड चालतो."

मी उरलेला चहा संपवला आणि पिवळ्या रंगाचे डबे घ्यायला गेलो.

पहिली विहीर सावरखोऱ्याचीच घेतली. उन्हं चढली होती. जुनं लाल झाकायला आधी चुन्याचा हात द्यायचा होता. त्यासाठी पोहऱ्यानं पाणी शेंदलं, बादलीत ओतलं आणि चुना भिजवला. वास आला.

मी रंगाच्या डब्यांत वाढलेला माणूस. वडील छापखान्यात होते, मी पंधराव्या वर्षापासून ब्रश धरलेला. टर्पेंटाइन, थिनर, रॉकेल, कुठल्या डब्यात काय आहे ते मी झाकण न उघडता सांगतो. त्या बादलीतून थिनरचा वास येत होता. अगदी हलका, पण येत होता. भिजलेल्या चुन्याला पिवळट झाक आली होती. मी विहिरीत वाकून पाहिलं. गेल्या खेपेला लक्षात आलं नव्हतं ते आता आलं. कपारीत एकही पारवा नव्हता. पाण्यावर बेडूक नव्हता, सरसर पळणाऱ्या निवळ्या नव्हत्या. एक दगड सुटून पाण्यात पडला, 'डुबुक' एवढाच आवाज आला, आणि मग काहीच नाही.

मी चुना मारला. वाळू दिला. दोरीला खडू लावून दोन रेघा मारल्या आणि पिवळा डबा उघडला.

'यो'पर्यंत आलो तेव्हा शेवंताबाई आली. या वेळी एकटीच होती.

"लाल फुसलं?"

"पुसलं."

"आन् ह्ये पिवळं काय? पानी सुदारलं म्हना की!"

"वर्ग बदलला, मावशी. नवीन शब्द आहे. वापरायोग्य."

"म्हंजी काय?"

"म्हणजे... वापरायला योग्य."

"म्हंजी प्यालं तर चालतंय?"

मी ब्रश डब्याच्या काठावर निपटत राहिलो. ती कठड्यावर माझ्या शेजारी टेकली.

"पेंटर, तुमी त्ये लाल काढून गेलात त्याला महिना व्हत आला. तवापास्नं आमी वरल्या गावच्या हिरीवर जातो. तिथं आमाला पोहरा टाकू देत न्हाईत. कुनी वाडगं धरून वरनं वतंल तवा घागर भरायची. तीन-तीन तास हुभं ऱ्हायाचं. आन् आता आमाला नवं नाव पडलंय, ठावं हाय? लालवाल्या. 'लालवाल्या आल्या, सरा बाजूला, ह्यांच्या घागरी टेकू देऊ नगा.' लेकरंसुदीक म्हनत्यात. सोजरला नववा लागला. परवा त्या चढनीवर बसली ती उठंना. कशीबशी आनली तिला."

मी तिच्याकडे न बघता 'यो'ची मात्रा पुरी केली.

"लाल गेलं म्हंजी आमी आता लालवाल्या न्हाई, आसंच ना? आमची हीर आमाला परत मिळाली, आसंच ना? व्हय म्हना की, पेंटर."

तिला काय हवंय ते मला दिसत होतं. फाईलमधला पूर्ण शब्द मला पाठ होता. पण तो सांगितला असता तर तिनं पुन्हा विचारलं असतं, मग पाणी कुठनं आणू? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणखी दहा विहिरी बाकी होत्या. ऊन लागत होतं.

"हो," मी म्हणालो. "वापरा."

ती उठलीच. वस्तीकडे तोंड करून तिनं हाक दिली, "सोजर ए! पोरीनू! या गं, हीर सुटली आपली!" तीनचार बाया घागरी घेऊन पळत आल्या. सोजर मागून सावकाश आली. शेवंताबाईनं स्वतःच्या हातानं पोहरा सोडला, पहिली घागर भरली. मग घरात जाऊन पितळेचा घासलेला पेला घेऊन आली, काठोकाठ भरला आणि माझ्यासमोर धरला.

"पयला पेला तुमचा. तुमच्या हातानं हीर उघाडली."

पेल्यातलं पाणी स्वच्छ दिसत होतं. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. सोजर कठड्याला टेकून हसत होती.

"मावशी, माझा आज रोजा आहे," मी म्हणालो.

शेवंताबाईनं चटकन जीभ चावली. "आगं बया! ठावं न्हवतं, पेंटर. माफी करा." तो पेला तिनं सोजरच्या हातात दिला. "तू पी. दोन जिवांची हायस." मग पुन्हा घरात गेली आणि फडक्यात बांधून दोन पेरू घेऊन आली. "संध्याकाळी सुटला की खावा. आमच्याच झाडाचं हायती."

सोजरनं पेला एका दमात संपवला. ओठ पुसले आणि म्हणाली, "जरा उग्र लागतंय."

"महिनाभर हीर हलली न्हाई, म्हनून," शेवंताबाई म्हणाली. "दोन दिस उपसली की ग्वाड हुईल."

मी डबे सायकलला बांधले. उरलेल्या दहा विहिरी पुढच्या चार दिवसांत केल्या. त्या चार दिवसांत आणखी कुणी मला शब्दाचा अर्थ विचारला नाही. विचारायची गरजच वाटली नसावी. पिवळा रंग लालपेक्षा किती बरा दिसतो.

पौषात बातमी आली. सावरखोऱ्याच्या गाडीचा कंडक्टर माझ्या दुकानापुढच्या टपरीवर चहा पीत होता. तो कुणाला तरी सांगत होता, खालच्या वस्तीत काहीतरी साथ आलीय. आधी कोंडिबा नावाचा म्हातारा गेला. मग चार वर्षांची एक पोर, आठ दिवस उलट्या होऊन. आणि एक बाळंतीण. मूल मेलेलंच जन्मलं. ती पाठोपाठ तिसऱ्या दिवशी गेली.

"नाव काय बाळंतिणीचं?" मी दुकानातून विचारलं.

"काय की. काहीतरी सोजर का काय."

मी दुकान बंद केलं नाही. त्या दिवशी एका पतपेढीची पाटी द्यायची होती, ती पुरी केली. एका अक्षरावरही हात हलला नाही. ते मला आजवर सगळ्यात वाईट वाटतं. सावरखोऱ्याला मी गेलो नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. वस्तीतल्या माणसांनी विहीर सोडून पुन्हा वरच्या गावाची वाट धरली, एवढं कानावर आलं.

माघात तहसील कचेरीतून समन्स आलं. चौकशी लागली होती. साक्षीला हजर राहावे.

कचेरीच्या मागच्या बाजूला चिंचेचं झाड होतं. साक्षीदारांना एकेक करून आत बोलवत होते, बाकीच्यांनी झाडाखाली बसायचं. मी गेलो तेव्हा तिथं शेवंताबाई एकटीच बसली होती. ती वाळली होती. कपाळावरचं गोंदण तेवढं तसंच होतं. मला वाटलं ती उठून मला शिव्या देईल. तिनं पदर आवरून माझ्यासाठी जागा केली.

"बसा, पेंटर."

मी बसलो. आत कुणाची तरी साक्ष चालू होती, टाइपरायटरचा आवाज येत होता.

"सोजरचं कळलं," मी म्हणालो.

"व्हय." ती झाडाच्या बुंध्याकडे बघत होती. "दोन दिस बोलत व्हती. मग बोलंना. पोरगं निळं व्हतं, पेंटर. सुईनीनं फडक्यात गुंडाळलं, मला दाखवलं न्हाई. मी बगितलंच."



मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "तुमचं बरं झालं. तुमचा रोजा व्हता. न्हाईतर त्यो पयला पेला तुमीच पिला असता. तुमाला घरी आई हाय न्हवं? तिच्या देवानं राखलं तुमाला. म्या मनात त्येच म्हनत व्हते."

तिचा हात तसाच माझ्या हातावर होता. खरखरीत, गार. टाइपरायटर थांबला होता आणि कुणीतरी आत खोकत होतं. गप्प बसलो असतो तर गोष्ट तिथंच संपली असती. ती मला आशीर्वाद देऊन उठली असती.

"मावशी," मी म्हणालो, "रोजा नव्हता."

तिला कळलं नाही. "आं?"

"त्या दिवशी माझा रोजा नव्हता. रमजान तेव्हा चार महिन्यांपूर्वीच झाला होता. सकाळी मी साहेबांबरोबर चहा-खारी खाऊन निघालो होतो. तुम्ही दिलेले पेरू ओढा ओलांडायच्या आधी खाल्ले."

तिनं हात काढून घेतला. घाईनं नाही. हळूच.

"मग पानी का न्हाई पिलास?"

ती पहिल्यांदाच मला अरे-तुरे करत होती.

"वास आला होता. चुना भिजवताना. रंगाच्या थिनरचा वास."

"तुला ठावं व्हतं."

"पूर्ण नव्हतं माहीत. पण मला प्यायचं नव्हतं, एवढं माहीत होतं."

"आन् मला व्हय म्हनलास."

"तुम्हाला हो हवं होतं, मावशी. तुम्ही म्हणत होता..."

"मला पानी पायजे व्हतं, सिकंदर."

तिनं माझं नाव तेव्हा घेतलं. इतके दिवस मी पेंटर होतो. मी मान खाली घातली. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं विचारलं, "ह्ये आत सांगनार का?"

"सांगतो."

"समदं?"

"सगळं."

"पेरूबी सांग," ती म्हणाली.

शिपायानं माझं नाव पुकारलं.

आत चौकशीचे साहेब बसले होते, जिल्ह्याहून आलेले, जाड भिंगांचा चष्मा लावलेले. शेजारी कारकून. भिंतीलगतच्या खुर्चीत हुद्दार साहेब पोट धरून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर नेली.

साहेबांनी फाईल उघडली. "शासनाचा शब्द 'पेयेतर उपयोगास योग्य' असा होता. कागद तुम्हाला दाखवला होता?"

"हो."

"अर्थ कळला होता?"

"हो. पिण्याव्यतिरिक्त."

"मग 'पेयेतर' का गाळलंत?"

"मावत नव्हतं."

कारकून नाकातल्या नाकात हसला. साहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं: जागेअभावी रंगकाम करणाऱ्या इसमाने स्वतः शब्द संक्षिप्त केला.

"हुद्दार साहेबांनी मान्य केला होता," मी म्हणालो.

"लेखी?"

"नाही. चहा पिताना."

हुद्दार साहेब खिडकीबाहेरच बघत होते.

मग मी सगळं सांगितलं. बादलीतला वास, पिवळा पडलेला चुना, तिनं विचारलेला प्रश्न, माझं 'हो', पेला, रोजा, पेरू. मध्ये एकदा साहेब म्हणाले, रोजा होता की नव्हता हा या चौकशीचा विषय नाही.

"तोच विषय आहे, साहेब," मी म्हणालो. "पाणी नासलंय हे एका पेंटरला नाकानं कळलं. तुमच्याकडे तर बाटल्या भरून निकाल आला होता. लाल निकाल. मी तो स्वतः रंगवला आणि स्वतः पुसला. मधे पाणी बदललं नव्हतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत चढवला. मग कारकुनाला म्हणाले, "हे 'इतर'मध्ये घ्या."

सही करायला कागद माझ्यापुढे आला. आखलेले रकाने होते. मृत्यूंचेही रकाने होते: 'पाण्याशी संबंधित', 'आजाराने', 'इतर'. कोंडिबापुढे 'वार्धक्य' लिहून त्याला 'आजाराने'मध्ये टाकलं होतं. ती चार वर्षांची पोर, हिरा, 'आजाराने'मध्ये. सोजरपुढे 'बाळंतपण' असं होतं, तीही 'इतर'मध्ये. 'पाण्याशी संबंधित'खाली शून्य. बाळ कुठंच नव्हतं.

"मूल राहिलं," मी म्हणालो.

"जिवंत जन्मलं नाही," कारकून म्हणाला. "त्याला रकाना नाही."

मी सही केली. माझी साक्ष त्यात होती, 'इतर'मध्ये का होईना. बाहेर आलो तर शेवंताबाई झाडाखाली तशीच उभी होती. तिला जे होतं ते सांगितलं, कुठल्या रकान्यात कोण ते सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुजा रंग शिल्लक हाय का?"

"आहे."

"कुठला?"

"सगळेच आहेत."

"मग उद्या ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सावरखोऱ्याला गेलो. वस्तीतली माणसं कठड्याभोवती जमली होती. कुणी माझ्याशी बोललं नाही. सोजरचा नवरा ओट्यावर बसून होता, तो उठलासुद्धा नाही. चुना भिजवायला मी पाणी घरून डब्यात भरून आणलं होतं. पिवळा शब्द झाकला. लिहायच्या आधी काय लिहिणार ते मोठ्यानं सांगितलं. शेवंताबाई म्हणाली, नावंबी घाल. मग मी माझ्या अक्षराची वीत सोडून चार बोटांचं अक्षर धरलं, म्हणजे सगळं मावेल. कठड्याला पूर्ण फेरी मारून लिहिलं, लाल रंगात: 'हे पाणी पिऊ नका. या पाण्याने कोंडिबा, हिरा, सोजर आणि सोजरचं बाळ मेलं.' दुपार झाली. शेवंताबाई रंगाचा डबा धरून माझ्याबरोबर कठड्याभोवती सरकत होती. प्रत्येक शब्द पुरा झाला की ती विचारायची, हे काय लिवलंस? आणि मी वाचून दाखवायचो.

अकरा दिवसांनी मला नोटीस आली. सरकारी मालमत्तेवर अनधिकृत मजकूर लिहिल्याबद्दल. मजकूर खरा की खोटा यावर नोटिशीत एक अक्षर नव्हतं. सरकारी काम त्यानंतर मला कधीच मिळालं नाही. हुद्दार साहेबांची बदली झाली. कारखान्याला काहीच झालं नाही. त्या उन्हाळ्यात माळावर त्याची दुसरी शेड उभी राहिली, आणि ओढा बाराही महिने जांभळा वाहू लागला. बाकीच्या दहा पिवळ्या विहिरींवर मी सायकलनं एकेक करून गेलो आणि वस्तीत उभा राहून 'पेयेतर'चा अर्थ सांगितला. सहा ठिकाणी लोकांनी ऐकलं. दोन ठिकाणी हाकलून दिलं. दोन ठिकाणी मला उशीर झाला होता.

सावरखोऱ्याचा मजकूर पुसायला त्यांनी दुसऱ्या तालुक्यातून पेंटर आणला. चांगला माणूस होता, पुढे माझी ओळख झाली. त्यानंच मला सांगितलं. सकाळी चुना आणि ब्रश घेऊन तो विहिरीवर पोचला तर कठड्याभोवती बाया बसलेल्या, कठड्याला पाठ टेकवून, खांद्याला खांदा लावून. अक्षरं दिसतच नव्हती, त्यांच्या पाठी होत्या. मधोमध एक गोंदण असलेली म्हातारी. तो म्हणाला, बाई, जरा सरा, सरकारी काम आहे. कुणी सरलं नाही. तो दुपारपर्यंत उन्हात उभा राहिला. मग डबे सायकलला बांधून परत गेला.